मांजर वर, कुत्रा खाली

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कुत्र्याचं वजन कुणी करत नाही. भाताचं होतं, बोकडाचं होतं, अंगणवाडीत पोरांचं दर महिन्याला होतं. कुत्र्याचं कशाला करायचं? तो विकायचा नसतो, कापायचा नसतो, आणि त्याची प्रकृती तपासायला कुणी सेविका दारात येत नसते. पण घरातला मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागतो, तिथे त्याला करमेनासं होतं, “मोत्याला इकडे आणायचाय” असा फोन येतो. मग विमान कंपनीचा पहिलाच सवाल पुढे येतो की पिंजऱ्यासकट वजन किती, आणि अख्खं घर मोत्याकडे नव्या नजरेने बघू लागतं.

वजनाचा कार्यक्रम पाहण्यासारखा असतो. गावात काटे तीन: चिकनवाल्याचा, रेशन दुकानातला आणि भात मोजायचा. चिकनवाल्याच्या काट्यावर मोत्या खुशीने चढतो, पण उतरत नाही. रेशनवाला “हा धान्याचा काटा आहे” म्हणून हात आडवा करतो. उरला भाताचा. त्याच्या गार पत्र्यावर पाय टेकताच मोत्या आधी चारही पाय गोळा करून बसतो, मग लोळतो, मग पोट वर करून जाहीर शरणागती पत्करतो. शेवटी जुनाच उपाय: आधी माणूस एकटा, मग मोत्याला कवेत घेतलेला माणूस, मग वजाबाकी. काट्यावरचा आकडा शेपटीच्या तालावर खालीवर होत असतो. त्यातल्या त्यात थांबलेला दिसेल तो धरायचा. खात्यापित्या घरच्या गावठी कुत्र्याची वजाबाकी १५ ते २० किलोंच्या आसपास येते. केबिनमधली मर्यादा १० किलोंची, तीही पिंजऱ्यासकट.

नियम थोडक्यात असे. देशातल्या देशात कुत्र्या-मांजरांना माणसांसोबत केबिनमध्ये घेणाऱ्या कंपन्या मोजक्या. अकासा एअर ऑगस्ट २०२२मध्ये उडू लागली आणि त्याच नोव्हेंबरात तिने पाळीव प्राण्यांना दार उघडलं. सुरुवातीला केबिनमध्ये ७ किलोंपर्यंत, पुढे मर्यादा १० किलोंवर नेली. एअर इंडिया तर त्याच्या कितीतरी आधीपासून कुत्री-मांजरं नेत आली आहे. इंडिगोची विमानं देशात सगळ्यांत जास्त, पण प्रशिक्षित सहायक कुत्रा सोडला तर ती पाळीव प्राणी घेत नाही. त्यामुळे “स्वस्तातलं तिकीट काढून ठेवू, कुत्र्याचं मागाहून बघू” हा हिशेब इथे चालत नाही. आधी कुत्र्याची जागा पक्की करायची, मग माणसाची. एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. प्राण्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं. आपल्या फुकट सामानाच्या किलोंत कुत्रा बसवता येत नाही. आणि सगळं जमूनही शेवटचा शब्द वैमानिकाचा.

मांजर मात्र यात कुठेच अडकत नाही. साडेतीन-चार किलोंचा जीव, मऊ पिशवीत मावणारा. बिबट्याची चाहूल लागली की रात्रभर अंगण डोक्यावर घेणारा मोत्या वजनामुळे विमानाच्या पोटात जातो; आणि मनी, जिने आयुष्यात उंदीर मारला तो स्वतःपुरता, ती केबिनमध्ये पुढच्या सीटखाली ऐसपैस. घरातल्या म्हाताऱ्यांना हा न्याय अजिबात पटत नाही. राखण कुणी करायची आणि वर कुणी बसायचं! त्यांना अजून एमिरेट्सचा नियम माहीत नसतो. ती कंपनी सहायक कुत्रा वगळता कुठल्याही प्राण्याला केबिनमध्ये घेत नाही; अपवाद ससाण्यांचा. दुबई आणि पाकिस्तानातली काही ठिकाणं यांच्या दरम्यान शिकारी ससाणा माणसांबरोबर प्रवास करू शकतो. म्हणजे पंख असलेल्याला विमानाची सीट, आणि ज्याला उडता येत नाही तो तळघरात.

“खाली सामानात टाकणार?” हा प्रश्न घरात हमखास उठतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो एसटीचा टप: करकचून बांधलेली पोती, कोंबड्यांचं डालगं आणि माळशेज घाटातला पाऊस. प्रत्यक्षात प्राण्यांसाठी वापरतात त्या कप्प्यात हवेचा दाब केबिनसारखाच राखलेला असतो, तापमानही सांभाळलेलं असतं, आणि आत जिवंत प्राणी आहे, कुठे आहे, याची लेखी सूचना उड्डाणाआधी वैमानिकाला दिलेली असते. खरी चिंता वरची नसते, जमिनीवरची असते. मे महिन्यातल्या दुपारी विमान लागायची वाट बघत पिंजरा तापल्या डांबराशेजारी ताटकळला तर कुत्र्याचे हाल होतात. म्हणून जाणते लोक पहाटेचं किंवा रात्रीचं विमान धरतात आणि मधे कुठे बदलायला लागणार नाही असं बघतात.

इथे मोत्याच्या बाजूने एक गोष्ट भक्कम असते: त्याचं नाक.

मुरबाड आणि शहापूरच्या डोंगरपायथ्याला मुंबईकरांची फार्महाऊसं आहेत, आणि शनिवारी तिथे येणाऱ्या एसी गाड्यांतून बऱ्याचदा एक पग उतरतो. २००३मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत पोरामागे धावणारा पग दिसला आणि देशभर घराघरांत पग आले. पगाचं वजन आठेक किलो, म्हणजे कागदावर तो केबिनच्या जवळपास बसतो. अडतं ते चपट्या नाकाशी. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड करतो. ज्याच्या नाकाचा रस्ताच चेचलेला, त्याला उष्णता आणि भीती एकदम आली की श्वास पुरत नाही. म्हणून पग, बुलडॉग आणि मांजरांत पर्शियन यांना विमानाच्या पोटात न्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात, किंवा ऋतू आणि तापमान बघूनच होकार देतात. एरवी फार्महाऊसच्या फाटकाबाहेरून आतल्या पगाकडे बघणारा मोत्या या एका परीक्षेत पहिल्या वर्गात पास. लांब नाक, ताठ पाठ, पोटाला काहीही पचतं. विमानाने जायला सगळ्यांत लायक कुत्रा कोणता, असं निव्वळ प्रकृतीवर ठरवलं तर मुरबाडच्या बाजारपेठेत दुपारी रस्त्याच्या मधोमध झोपलेल्यांतून एखादा सहज निवडता येईल. त्याला तिथून उठवणं तेवढं अवघड.

पुढचा टप्पा पिंजऱ्याचा. डालगं चालत नाही, तारेचा पिंजरा चालत नाही. भिंती टणक हव्यात, बाजूंनी हवा हवी, तळ गळका नको, कडी अशी की धक्क्याने निघू नये. आत कुत्र्याला उभं राहता, बसता, पडता आणि वळता आलं पाहिजे. याचं मापही आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने ठरवून दिलं आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, तिच्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा मिळवायचा, म्हणजे पिंजऱ्याची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट म्हणजे रुंदी. उभ्या कुत्र्याच्या कानाच्या टोकापर्यंतची उंची अधिक अंथरूण म्हणजे उंची. हे माप घ्यायला टेप शिंप्याकडून येतो. शिंप्याला वाटतं स्वेटर शिवायचाय. तो छातीचा घेर घेतो, बाह्यांचं विचारतो आणि कोपर नेमकं कुठलं धरायचं यावर मोत्याशी त्याचा वाद होतो. कानांचा प्रश्न निराळाच. मोत्याचा एक कान उभा, दुसरा भाऊबंदकीत फाटलेला. उंची कुठल्या कानाची लिहायची? उभ्या कानाची. फायदा नेहमी जास्त मापात असतो, कारण लहान पिंजरा काउंटरवरून परत येतो.

पिंजरा आणला म्हणजे झालं असं नाही. तो आठवडे-आठवडे आधी घरात उघडा ठेवून कुत्र्याला त्याची सवय लावायची असते. जेवण त्यातच द्यायचं, जुनी गोधडी त्यातच टाकायची. ज्या जनावराने जन्मात दोरी पाहिली नाही, ज्याची हद्द नदीपासून मारुतीच्या देवळापर्यंत, त्याला हे शिकवायचं. पहिले काही दिवस पिंजऱ्यात मोत्या सोडून सगळे जाऊन येतात. कोंबडी त्यात खुडूक बसते, शेजारची पोरं आळीपाळीने कैदी होतात, मनी तर त्याला आपलाच बंगला समजते. मोत्या लांब बसून हे बघत राहतो आणि मटणाचा रस्सा होईल त्या दिवशी आत शिरतो.

कुत्र्याला चढू न देण्याचं सगळ्यांत जुनं प्रकरण महाभारतातलं. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो, युधिष्ठिराला बस म्हणतो आणि सोबतच्या कुत्र्याला मनाई करतो. युधिष्ठिर अडून बसतो, तेव्हा कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म निघतो आणि दोघांचं काम होतं. आजच्या काउंटरवर हा बाणेदारपणा दाखवला तर कुत्रा कुत्राच राहतो आणि तिकिटाचे पैसे जातात. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्याची गोष्ट वेगळी. त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. शहापूरच्या माहुली गडाशी तिचा संबंध नाही, तरी नावावरून इकडचा एखादा आपला हक्क सांगून बघतो. पालखीच्या तोडीचा प्रवास अलीकडे एकदा झाला. सप्टेंबर २०२१मध्ये मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानातला अख्खा बिझनेस क्लास, म्हणजे १२ सीटा, एका माल्टीज जातीच्या कुत्र्यासाठी राखून ठेवल्या गेल्या. खर्च अडीच लाखांच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. एवढ्या पैशांत मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत खिल्लारी बैलांची जोडी येते आणि वर ती नांगर ओढते, असा हिशेब इकडच्या चावडीवर मांडला गेला तर त्यात चुकीचं काही नाही.

सगळेच नियम पैशाने वाकतात असं मात्र नाही. कधीकधी ते संकटाने वाकतात. फेब्रुवारी-मार्च २०२२मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी काही जण कुत्र्या-मांजरांना सोडून यायला तयार नव्हते. सरकारने एका वेळेपुरती आयातीच्या अटींत सवलत दिली आणि ती जनावरं पोरांबरोबर भारतात उतरली.

एरवी कागद लागतातच. देशातल्या प्रवासाला रेबीजच्या लशीचा दाखला आणि प्राणी प्रवासाला तंदुरुस्त असल्याचं पशुवैद्यकाचं ताजं प्रमाणपत्र. किती दिवसांचं म्हणजे ताजं, हे ज्या त्या कंपनीचं ज्या त्या वेळी विचारायचं. शुल्क भरायची अडचण नाही. मुरबाड तालुक्यातल्या धसईचं नाव तर डिसेंबर २०१६मध्येच रोकडरहित व्यवहारांचं गाव म्हणून राज्यभर झालं होतं. अडचण असते फॉर्म भरायची. म्हशाच्या बाजारात जनावराची ओळख दातांवर असते: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. एवढ्यात सौदा होतो. विमान कंपनी दातांचं काही विचारत नाही, जन्मतारीख विचारते. मोत्याचा जन्म “मोठ्या पुराच्या वर्षी, गोठ्यामागे” झालेला असतो. ते एका चौकोनी रकान्यात मावत नाही. मग दवाखान्यातले डॉक्टर त्याचे दात बघतात आणि वय लिहितात. म्हणजे शेवटी म्हशाचीच पद्धत, फक्त शिक्का सरकारी.

मुलगा बेंगळुरूऐवजी जर्मनीत असेल तर हे सगळं बालवाडीतलं वाटू लागतं. युरोपीय संघाला कुत्र्याच्या अंगात १५ आकडी मायक्रोचिप हवी. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते असं सगळीकडे सांगतात. शहापुरात लगेच प्रश्न येतो, कुठला तांदूळ? प्रश्न रास्त आहे. चिप साधारण १२ मिलिमीटरची, म्हणजे शेजारच्या वाड्याचा कोलम नव्हे, चांगला शिजून फुगलेला बासमती. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे सुईने बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. ती कुत्रा कुठे गेला हे सांगत नाही, फक्त तो कोण आहे हे सांगते. आणि खरी मेख पुढे आहे: चिप आधी, रेबीजची लस नंतर. लस आधी दिली असेल तर युरोपच्या लेखी ती दिलेलीच नाही. बिनचिपचा टोचलेला कुत्रा म्हणजे न टोचलेला कुत्रा. पुन्हा टोचा. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. भरली, की रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. मग सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, दिल्यापासून दहा दिवसांत तिकडच्या भूमीवर पाय ठेवायचा. त्यासाठी केंद्राच्या पशु विलगीकरण सेवेचं मुंबईतलं कार्यालय गाठायचं. पोराच्या व्हिसाला एवढा वेळ लागला नव्हता. त्याचं रक्तही कुणी काढलं नव्हतं.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून कुत्र्यांचे नियम आणखी कडक केले. वय किमान सहा महिने, अंगात चिप, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांना लशीचे जादा कागद. त्या देशांत भारत आहे. मांजरांकडे मात्र तिथलं रोगनियंत्रण केंद्र रेबीजच्या लशीचा दाखलाही मागत नाही. मनीचं नशीब सातासमुद्रापारही तिच्याबरोबर जातं.

घर ते विमानतळ हा प्रवासही धरला पाहिजे. मुरबाडला रेल्वेच नाही, त्यामुळे तो प्रश्न परस्पर सुटलेला आहे. शहापूरकरांना आसनगाव स्टेशन आहे. पण सकाळच्या लोकलमध्ये जिथे शिरताना माणसाची कुत्र्यासारखी अवस्था होते, तिथे कुत्र्याने शिरावं कसं? शिवाय नियमात ते बसत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत कुत्र्याला एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. म्हणून भाड्याची गाडी ठरते. खुटघरवरून समृद्धी महामार्ग लागतो, मोत्या जन्मात पहिल्यांदा खिडकीतून तोंड काढतो आणि त्याला एवढा वारा पुरतो. विमानाची त्याला आता गरज वाटत नाही.

निघताना सल्ले फुकट मिळतात. त्यांतला सगळ्यांत वाईट म्हणजे “एक झोपेची गोळी चारा, कळणारही नाही.” गुंगीच्या औषधाने उंचीवर रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो, तोल सांभाळता येत नाही, गुंगीत असलेला प्राणी बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. पोट जड नको, पण पाणी हवं. पिंजऱ्याच्या दाराला लावलेल्या वाटीत पाण्याचा बर्फ करून ठेवला तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतो. पाणी घरून निघून दुसऱ्याच्या तोंडी कसं लावायचं हे शहापूरला काय शिकवायचं? भातसा, तानसा, मोडकसागर अशी धरणं उशाला घेऊन हा तालुका मुंबईला पाणी पाजतो आणि उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट बघतो.

विमानतळावर शेवटी मनीच्या ऐटीला एक धक्का बसतो. सुरक्षा तपासणीत पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते आणि मांजर तिच्यातून बाहेर काढून कडेवर न्यावं लागतं. तेवढी दोन मिनिटं दोरी-पट्ट्याविना काढली तर मांजर छतावरच शोधावं लागेल. हा नियम कशासाठी, ते नोव्हेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर दिसलं. एका बॅगेच्या क्ष-किरण चित्रात चार पाय आणि शेपूट आली. बॅग उघडली तर आत नारिंगी मांजर, जिवंत आणि खुशाल. मांजर प्रवाशाचं नव्हतंच. घरातल्या दुसऱ्या कुणाचं, कपड्यांत आपणहून शिरलेलं. ज्याला न्यायचंय ते पिंजऱ्यात शिरत नाही आणि ज्याला न्यायचं नाही ते बॅगेत बसतं.

कागदांशिवाय कुत्रं नेऊन बघणारे गावातच असतात असं नाही. २०१५मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा त्याचे पिस्टल आणि बू हे दोन यॉर्कशायर टेरियर कुठलीही नोंद न करता बरोबर गेले. तिथले कृषिमंत्री बार्नबी जॉयस यांनी सांगून टाकलं की कुत्रे देशाबाहेर न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्रे परत गेले. पुढच्या वर्षी प्रकरण न्यायालयात आलं आणि डेप व त्याच्या बायकोने कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली.

म्हणून पोराची बदली जर्मनीहून मेलबर्नला झाली आणि मोत्या अजून गावातच असला, की अंगणातली बैठक लांबते. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रं घेतच नाही. आधी त्याने त्यांच्या यादीतल्या एखाद्या देशात सहा महिने राहायचं, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या विलगीकरण केंद्रात निदान दहा दिवस काढायचे. यादीत संयुक्त अरब अमिरात आहे. हे कळल्यावर मात्र सगळ्यांना प्रकरण चटकन समजतं: आखातात थोडे दिवस काढून पुढे सरकायचं, हे इकडच्या फिटर-वेल्डर पोरांना काही नवं नाही. दुबईत ठेवून घेणार कोण, खोली कुणाच्या नावावर, भाकरीची सोय काय, यावर चर्चा रंगते. मध्येच कुणीतरी विचारतं, मनीलासुद्धा सहा महिने? मनीलासुद्धा, आणि तिथून पुढे मेलबर्नलाही मालवाहू म्हणूनच, केबिन नाही. मोत्याच्या बाजूच्या लोकांना तेवढ्यावर चहा गोड लागतो.